व्हॅक्यूम क्लीनर घेताना तळहाताची परीक्षा नको

छोटा व्हॅक्यूम क्लीनर दाखवताना दुकानदार हमखास एक गोष्ट करतो. यंत्र चालू करून त्याचं तोंड तुमच्या तळहाताला लावतो. कातडी आत ओढली जाते, मोटरचा आवाज चढतो आणि ‘बघा, किती पॉवर आहे!’ म्हणून तो तुमच्याकडे बघतो. पण तळहाताने तोंड बंद झालं की त्या क्षणी यंत्रातून वाहणारी हवा शून्यावर येते. आणि घरातला कचरा उचलते ती वाहती हवाच.

यंत्राच्या पोटात एक पंखा असतो. तो हवा मागच्या जाळीतून बाहेर फेकतो, त्यामुळे आतला दाब थोडा उतरतो. बाहेर वातावरणाचा दाब समुद्रसपाटीला साधारण 101 किलोपास्कल असतो. तो हवेला तोंडातून आत रेटतो आणि ही आत घुसणारी हवा वाटेतला केर घेऊन जाते. खोक्यावर ‘सक्शन 5 किलोपास्कल’ लिहिलेलं असतं, तो आकडा बहुधा तोंड पूर्ण बंद करून मोजलेला असतो. 10 चौरस सेंटिमीटरच्या तोंडावर 5 किलोपास्कल म्हणजे सुमारे अर्धा किलो वजनाइतका जोर. तळहाताला जाणवतो तो हा. आवाज चढतो त्याचं कारण तर अगदी उलटं आहे: पंख्याला ढकलायला हवाच उरत नाही, त्याच्यावरचा भार कमी होतो आणि तो जास्त वेगाने फिरू लागतो.

तोंड पूर्ण बंद असताना दाबातला फरक सर्वांत जास्त, पण प्रवाह शून्य. तोंड पूर्ण मोकळं असताना प्रवाह सर्वांत जास्त, पण दाबातला फरक जवळपास नाही. या दोहोंचा गुणाकार म्हणजे हवेला प्रत्यक्ष मिळणारी शक्ती. तिला ‘एअर वॉट’ म्हणतात आणि ती या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी सर्वांत जास्त असते. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेले वॉट मात्र मोटर किती वीज खाते ते सांगतात. युरोपीय संघाने 2014 मध्ये व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरवर 1600 वॉटची मर्यादा घातली आणि 2017 मध्ये ती 900 वॉटवर आणली. तरीही तिथली घरं स्वच्छ होत आहेतच. तेव्हा दोन यंत्रांची तुलना करताना एअर वॉट किंवा दर सेकंदाला किती लिटर हवा वाहते, हा आकडा मिळत असेल तर तोच बघा.

केर उचलायला वाऱ्याला वेग लागतो. खळ्यात उफणताना भूस उडून जातं आणि दाणा खाली पडतो, कारण भुसाला पुरणारा वारा दाण्याला पुरत नाही. इथेही तेच. सेकंदाला 10 लिटर हवा 4 चौरस सेंटिमीटरच्या तोंडातून गेली, तर तिचा वेग सेकंदाला 25 मीटर होतो. तांदळाचा दाणा सहज उचलायला एवढा वेग पुरेसा आहे. पण हा वेग तोंडापाशीच. गोल तोंडापासून त्याच्या व्यासाइतकं दूर गेलं की तो जेमतेम 7 टक्के उरतो, कारण आत जाणारी हवा सगळ्या बाजूंनी येते. मेणबत्ती हातभर अंतरावरून फुंकून विझते, श्वास आत ओढून विझत नाही, ती याचमुळे. म्हणून यंत्र कितीही जोरदार असलं तरी तोंड केराला भिडवावं लागतं. सोफ्याच्या फटीत आणि सरकत्या खिडकीच्या रुळात शिरणारं चपटं, निमुळतं नोझल सोबत नसेल, तर ते यंत्र मी घेणार नाही.

आता फिल्टर. माझ्या मते निवड इथेच ठरते. 1901 मध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने लंडनमध्ये धूळ फुंकून उडवणारं यंत्र पाहिलं. उडवण्याऐवजी ती ओढून का घेऊ नये, असा त्याला प्रश्न पडला. त्याने एका उपाहारगृहातल्या मखमली आसनाला तोंड लावून जोरात हवा ओढली आणि त्याचा जीव गुदमरला. ओढलेली हवा कुठेतरी गाळावीच लागते आणि गाळणीने अडवलेली धूळ हवेचीही वाट अडवते, हा पेच तेव्हापासून आहे.

छोट्या यंत्रात तो जास्त जाचतो, कारण फिल्टरला जागाच कमी. अंगठ्याएवढी जाळी असेल तर दोन चमचे कणीक ओढताच ती लिंपली जाते आणि प्रवाह मरतो. घड्या घातलेला, शंकूसारखा फिल्टर तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त पृष्ठभाग देतो आणि उशिरा तुंबतो. काही यंत्रांत हवा आधी गोल फिरवतात. जड कण भिंतीवर आपटून डब्यात पडतात आणि फिल्टरवरचा बोजा हलका होतो.

‘हेपा’ हा शब्द आता सर्रास छापलेला असतो. खरा हेपा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो; एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. नेमके 0.3 मायक्रॉनच का? त्याहून मोठे कण धाग्यांवर आपटतात, त्याहून बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतात आणि धाग्यांना चिकटतात. मधल्या आकाराचे सर्वांत सहज निसटतात, म्हणून परीक्षा त्यांची. पण फिल्टरच्या कडेने फट राहिली तर या आकड्याला काही अर्थ उरत नाही. फिल्टर काढून परत बसवून बघा. रबरी कडा घट्ट बसते का, की तो खुळखुळतो?

तळहाताऐवजी दुकानात ही परीक्षा घ्या. घरून मूठभर तांदूळ आणि थोडी कणीक न्या. आधी निम्मे तांदूळ ओढू द्या, मग कणीक, मग उरलेले तांदूळ. दुसऱ्या खेपेला दाणे जागच्या जागी घुटमळायला लागले, तर फिल्टर अपुरा आहे.

बॅटरीवरच्या यंत्राचं गणित घरीच करता येतं. बॅटरीवर 11.1 व्होल्ट, 2000 एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे 2 अँपिअर-तास) लिहिलेलं असेल, तर दोहोंचा गुणाकार सुमारे 22 वॉट-तास. त्याच खोक्यावर 120 वॉट आणि 30 मिनिटं लिहिलेली असतील, तर त्यासाठी 60 वॉट-तास हवेत. पूर्ण वेगात ते यंत्र 11 मिनिटांच्या पुढे जाणार नाही. सांडलेल्या पोह्यांसाठी तेवढं भरपूर झालं. गादी नीट साफ करायची असेल, तर मात्र वायरचं यंत्र घ्यावं. गादीतल्या धूळकिड्यांच्या विष्ठेचे कण साधारण 10 ते 40 मायक्रॉनचे असतात, दम्याचा त्रास त्यांनी वाढतो, आणि ते विणीत रुतलेले असल्याने वेळही लागतो, प्रवाहही.

रोजची फरशी केरसुणी आणि ओल्या फडक्यावरच सोडावी. छोटं यंत्र सोफा, गाडी, खिडकीची जाळी, कपाटाचे कोपरे यांच्यासाठी. दिवाळीची रांगोळी म्हणजे दगडाची बारीक पूड, ती आधी सुपलीत भरा आणि उरलीसुरली यंत्राला द्या. उदबत्तीची गरम राख देऊ नका. फुटलेल्या सीएफएल दिव्यावर तर यंत्र फिरवूच नका, त्यातला पारा हवेत पसरतो. ओल्यासाठी बनवलेलं नसेल तर सांडलेलं वरण पुसूनच घ्या.

फिल्टर धुतला की पूर्ण वाळेपर्यंत थांबावं लागतं, पावसाळ्यात दोन-दोन दिवस. ओल्या फिल्टरवर धुळीचा चिखल होतो आणि कुबट वास सुटतो. म्हणून जोडीला दुसरा फिल्टर लागतोच. पैसे देण्याआधी त्या यंत्राचा सुटा फिल्टर मिळतो का आणि केवढ्याला, हे विचारून घ्या. मिळत नसेल तर पुढचं यंत्र बघा.