मास्क लावला म्हणजे पगार लपला?

‘कॉलमला मास्क लावला की डेटा सुरक्षित’ हा समज एसक्यूएल सर्व्हर २०१६ या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये डायनॅमिक डेटा मास्किंग (कॉलममधली खरी मूल्यं झाकून दाखवणारी सोय) आल्यापासून फिरतोय. तो चुकीचा आहे. मास्क फक्त निकाल दाखवताना लागतो. टेबलात मूळ आकडाच असतो आणि ‘व्हेअर’ची, म्हणजे कोणत्या ओळी हव्यात हे सांगणारी अट त्याच्यावरच तपासली जाते. पगाराच्या जागी ० दिसला तरी सिलेक्टचा (टेबल वाचण्याचा) अधिकार असलेला माणूस ‘५०,००० पेक्षा जास्त?’ असं विचारू शकतो. ओळ आली तर आकडा वाढवायचा, नाही आली तर कमी करायचा, दर वेळी उरलेला पल्ला निम्मा करत. दहा लाखांपर्यंतचा पूर्ण रुपयांतला पगार अशा वीस क्वेरींत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या वीस प्रश्नांत उघडा!

थेट क्वेरी लिहिणाऱ्यांना म्हणूनच मूळ टेबल नको, तो कॉलम वगळलेला व्ह्यू (टेबलाचा निवडक भागच दाखवणारी खिडकी) द्या. टेस्टिंगच्या कॉपीत मूल्यंच कायमची बदला. कारण मास्क असला तरी बॅकअपमध्ये मूळ डेटा जसाच्या तसा जातो.