स्पॅमची उघाडी उलटी बसवा

ऐन हापूसच्या हंगामात देवगडच्या बागायतदाराने पुण्याला पाठवलेलं बिल परत येतं. सोबत '५५० ५.७.१' हा नकाराचा आकडा आणि आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत असल्याचा शेरा. त्याने जन्मात कधी स्पॅम पाठवलेलं नसतं. पण गावातल्या इंटरनेटवाल्याकडे सार्वजनिक आयपी मोजके, त्यामुळे एकेका आयपीमागे कित्येक घरं बसवलेली. त्यातल्या एका घरचा व्हायरस लागलेला संगणक रात्रभर स्पॅम ओकतो आणि शिक्का सगळ्या वाडीवर बसतो.

खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या, बांधावरची उघाडी ही पाण्याची झडप भरतीला मिटते, ओहोटीला उघडते. खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही, आतलं पाणी बाहेर सोडायचं. स्पॅमसाठी इंटरनेटवाल्याने ही झडप उलटी बसवायला हवी, कारण येणारं स्पॅम मेलसेवा गाळतातच. जाणारं कुणाच्या घरातून निघालं, हे मात्र त्याच्याशिवाय कुणालाच कळत नाही.

काम एका नियमाचं आहे. मेल सर्व्हर एकमेकांशी पोर्ट २५ वर बोलतात; पोर्ट म्हणजे जोडणीचं क्रमांक दिलेलं दार. ग्राहकाने आपलं मेल पासवर्डसह ५८७ किंवा ४६५ वरून द्यायचं असतं. म्हणजे साध्या घरातून २५ वर एकही जोडणी जायचं कारण नाही. मुख्य राउटरच्या फॉरवर्ड चेनमध्ये, म्हणजे आरपार जाणाऱ्या जोडण्यांच्या नियमावलीत, ग्राहकांकडून बाहेर जाणारं टीसीपी पोर्ट २५ बंद करायचं आणि अडवलेल्या जोडण्यांचा लॉग ठेवायचा. इथे घरचा आतला आयपी अजून सामायिक सार्वजनिक आयपीत बदललेला नसतो, त्यामुळे ग्राहकाचा आतला पत्ता थेट दिसतो. मिनिटाला शेकडो जोडण्या ज्याच्या नावावर दिसतील, त्याला फोन करायचा. बाहेरून आलेल्या तक्रारीवरून हा शोध लागणं कठीण, कारण तिच्यात बहुधा आयपी आणि वेळ असते, सोर्स पोर्ट, म्हणजे जोडणी निघाली तो पोर्ट क्रमांक, नसतो. तो नसेल तर कित्येक घरांतलं नेमकं कोणतं, ते कसं सांगणार?

नियम लावल्यावर दुसऱ्याच दिवशी ओरड होते ती जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरची आणि सीसीटीव्हीच्या डीव्हीआरची, कारण त्यांच्या सेटिंगमध्ये २५ च टाकलेलं असतं. त्या बागायतदाराचंही तेच. तिथे ५८७, टीएलएस (जोडणीचं कूटलेखन) चालू आणि लॉगिन भरलं की काम भागतं. स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्या कारखान्याला किंवा हॉटेलला स्थिर आयपी द्यावा, रिव्हर्स डीएनएस, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारी नोंद, करावी आणि त्यांच्यापुरतंच २५ उघडावं.

हमखास राहून जातं ते आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी पद्धत. त्यासाठी नियम वेगळा लिहावा लागतो, नाहीतर पुढचं दार बंद आणि मागचं परसदार सताड उघडं.

कायद्याचा धाक इथे फारसा नाही. दूरसंचार नियामक ट्रायचे २०१८ चे नियम कॉल आणि एसएमएसपुरते आहेत. 'अब्यूज' नावाची तक्रारपेटी ठेवण्याचा संकेत १९९७ पासूनचा, पण ती उघडून वाचणारा माणूस नेमलेला नसला तर पेटी काय कामाची! काळ्या यादीतून नाव काढायचा अर्ज मात्र संगणक साफ झाल्यावरच करावा. घाईने केला तर आयपी पुन्हा यादीत जातो.