स्किझोफ्रेनिया : आनुवंशिकता आणि परिस्थिती

स्किझोफ्रेनिया (छिन्नमनस्कता) हा विचार, जाणीव आणि वर्तन यांची सांगड विस्कटणारा गंभीर मानसिक आजार आहे. नसलेले आवाज ऐकू येणे, कुणीतरी आपल्या वाईटावर आहे अशी पक्की समजूत होणे, बोलण्याचा धागा तुटणे, माणसांतून अंग काढून घेणे ही त्याची ठळक लक्षणे. शंभरातल्या जवळपास एकाला तो आयुष्यात कधीतरी होतो आणि बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. हे नाव स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये दिले. एका देहात दोन माणसे, असा त्याचा अर्थ नाही. तो आजार वेगळा.

कोल्हापूरच्या खेड्यापाड्यांत अशा मुलाबद्दल आधी ऐकू येते ते ‘बाहेरचं आहे’, ‘कुणीतरी करणी केली’. देवऋषी होतो, नृसिंहवाडीच्या पौर्णिमा धरल्या जातात, आणि दवाखाना बराच उशिरा येतो. शिकलेल्या घरांत शब्द बदलतात : ‘अभ्यासाचं टेन्शन घेतलं’, नाहीतर सोयरिकीच्या बोलण्यात दबक्या आवाजात ‘त्यांच्या रक्तातच आहे’. या सगळ्या बोलण्यात एक खोड सारखी आहे. प्रत्येकाला एकच कारण हवे असते.

रक्ताचा वाटा मोठा आहे, यात शंका नाही. आई किंवा वडिलांना आजार असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता सुमारे दहा टक्के असते. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला झाला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता चाळीस ते पन्नास टक्क्यांपर्यंत जाते. पण दोघांची जनुके तीच असताना ती शंभर का होत नाही? आजाराचे असे एकच जनुक नाही, हेही आता स्पष्ट आहे. २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात जनुकसंचातल्या २८७ जागांचा आजाराशी संबंध दिसला. प्रत्येक जागेचा वाटा चिमूटभर. त्याआधी २०१६ मध्ये सी-४ या जनुकाकडे लक्ष वेधले गेले. किशोरवयात मेंदू पेशींमधले जादा जोड छाटतो, आणि ही छाटणी गरजेपेक्षा जास्त होण्यात सी-४ चा हात असावा. आजार ऐन तारुण्यात का उगवतो, याचा थोडा उलगडा त्यातून होतो.

‘घरात आधी कुणाला असं झालं होतं का?’ या प्रश्नाला पहिल्या भेटीत बहुतेक नातेवाईक ‘नाही’ म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत एखादे चुलत आजोबा निघतात, जे ‘जरा विरक्त होते’ आणि एक दिवस घर सोडून गेले.

परिस्थितीचा वाटा गर्भापासून सुरू होतो. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली. तिच्या ऐन भरात गर्भ राहिलेल्या मुलांत पुढे या आजाराचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. अडलेले बाळंतपण, बालपणीचा छळ, शहरी वाढ, स्थलांतर यांनीही धोका वाढतो. लहान वयात लागलेल्या गांजाची गोष्ट अधिक गंभीर आहे. चिलीम ओढणारा प्रत्येक जण आजारी पडत नाही हे खरे, पण कोण पडेल हे आधी सांगता येत नाही.

हे वाटे एकत्र कसे येतात, ते कोल्हापूरकराला पंचगंगेवरून लवकर कळेल. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फुटांची, धोका पातळी ४३ फुटांची. नदी आधीच ३८ फुटांवर असेल तर रात्रभराचा पाऊसही पुरे. १५ फुटांवर असेल तर तोच पाऊस कुणाच्या ध्यानातही राहत नाही. पूर पावसाने आला की राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याने, हा वाद दरवर्षी रंगतो आणि दरवर्षी अर्धवट असतो. फिनलंडमधल्या दत्तक मुलांच्या अभ्यासात असेच दिसले. आजारी आईची मुले बिघडलेल्या घरात वाढली तेव्हा त्यांच्यात आजाराचे प्रमाण वाढले, नीट घरात ते कमी राहिले. जनुकीय धोका नसलेल्या मुलांवर मात्र घराचा तेवढा परिणाम झाला नाही.

मेंदूत हे प्रवाह डोपामिनपाशी मिळतात. कोणती गोष्ट महत्त्वाची, याची खूण हे रसायन लावते. ते वाढले की साध्या गोष्टींवरही खूण उमटते : चहाच्या गाड्यावर दोघे हसले ते मलाच, बातम्या देणारी बाई बोलते तीही माझ्याविषयीच. ताण आणि गांजा दोन्ही डोपामिनला हात घालतात. औषधे त्याचा परिणाम रोखतात. बरे वाटले म्हणून गोळ्या परस्पर बंद केल्या तर आजार बहुधा उलटतो.

आजार जडल्यावरही परिस्थितीचे काम चालूच राहते. ‘नुसता पडून असतोस, रानात तरी जा’ असे टोमणे रोज ऐकणारे रुग्ण लवकर पुन्हा आजारी पडतात, हे लंडनमध्ये आणि नंतर चंडीगढमध्येही तपासले गेले. चंडीगढच्या घरांत अशी बोलणी लंडनच्या मानाने कमी आढळली. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते, आणि तिथे रुग्णाइतकीच घरच्यांचीही विचारपूस होते.