गुहेतली पिंड वाढते, पण तिळातिळाने नाही

सुट्टीत आमच्याकडून कोणी विशाखापट्टणम-अराकूकडे फिरून आलं की बोर्रा गुहेचे फोटो ग्रुपवर येतात आणि मागोमाग तो ठरलेला मेसेज, की आतली पिंड दरवर्षी तिळातिळाने वाढते आणि शास्त्रज्ञांनाही हे कोडं सुटलेलं नाही. पिंडीला हात जोडा, माझी काहीच हरकत नाही. पण कोडं सुटलेलं नाही हे साफ खोटं आहे, ते शाळेतल्या रसायनशास्त्रातच सुटतं आणि ते उत्तर इतकं सुंदर आहे की ते न सांगता चमत्काराचे मेसेज फिरवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

आपल्याकडे अजिंठा, पितळखोरं जवळ, त्यामुळे गुहा म्हटलं की छिन्नीने कोरलेली लेणीच आठवतात. आपला खडक बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, त्यात पाणी अशा गुहा करू शकत नाही. बोर्रा गुहा चुनखडीतली, आणि चुनखडीचं वेगळं आहे. ती विरघळते, मात्र नुसत्या पाण्यात फारशी नाही.

चुन्याच्या निवळीत नळीने फुंकलं की ती दुधाळ होते, हा प्रयोग सगळ्यांनी केलाय. बहुतेक शाळांत तो तिथेच थांबतो. पण तसंच फुंकत राहिलं तर ती परत नितळ होते! दुधाळपणा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण, म्हणजे चुनखडीच. जास्तीचा कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळून कार्बोनिक आम्ल तयार होतं, ते त्या कणांशी मिळून कॅल्शियम बायकार्बोनेट होतं आणि हे पाण्यात विरघळून राहतं. आता हे नितळ पाणी तापवा, कार्बन डायऑक्साइड निघून जाईल आणि पाणी पुन्हा गढूळ होईल. अख्खी गुहा या एका उलटसुलट क्रियेवर उभी आहे.

म्हणजे बघा, पावसाचं पाणी मातीतून झिरपतं. मुळं आणि जिवाणू श्वास घेतात म्हणून मातीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्यापेक्षा दहापट ते शंभरपट असतो, बाहेर तो साधारण ०.०४ टक्के. पाणी तो पिऊन आम्लधर्मी होतं, खालच्या चुनखडीच्या भेगांमधून जाताना खडक विरघळवतं आणि मग गुहेच्या छताला येऊन लोंबतं. गुहेतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड मातीपेक्षा कमी, म्हणून थेंबातला वायू बाहेर पडतो, बायकार्बोनेट टिकत नाही आणि कॅल्साइटचा, म्हणजे स्फटिकरूपातल्या कॅल्शियम कार्बोनेटचा, थर बसतो. पाणी वाळून क्षार उरतो असं बरेच जण समजतात, पण आत खोलवर आर्द्रता १०० टक्क्यांच्या आसपास, तिथे पाणी वाळणार कुठे? वायू उडतो म्हणून दगड बनतो. बऱ्याच गुहांमध्ये थंडीत बाहेरची जड हवा आत शिरते, आतला कार्बन डायऑक्साइड आणखी कमी होतो आणि तेव्हा थर जोरात बसतो.

रावेर-यावलच्या केळीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. बोरच्या जड पाण्याने ठिबकच्या ड्रिपरवर जो पांढरा थर चढतो, जो काढायला लाइनमधून अ‍ॅसिड सोडावं लागतं, तो बराचसा हाच कॅल्शियम कार्बोनेट. तिथे ऊनही हातभार लावतं एवढाच फरक.

छताला लोंबणाऱ्या थेंबाच्या कडेने आधी एक बारीक कडं बसतं, कड्यावर कडं बसत आतून पोकळ नळी होते, साधारण थेंबाएवढीच जाड. नळी बुजली की पाणी बाहेरून वाहतं आणि ती गाजरासारखी निमुळती होत जाते, हा अधोमुखी लवणस्तंभ. खाली पडून फुटलेला थेंब उरलेला वायू सोडतो, तिथे गोलसर डोक्याचा, पोकळी नसलेला ऊर्ध्वमुखी स्तंभ वर येतो. पिंड म्हणतात ती हीच. वाढीचा वेग साधारण वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग, म्हणजे मिलिमीटरभर जाडीच्या एका तिळाला दहा वर्षं!

म्हणून आत गेल्यावर हात लावू नका. हाताचं तेल लागलं की तिथे पाणी नीट चिकटत नाही आणि वाढ थांबू शकते. गर्दीच्या श्वासाने गुहेत कार्बन डायऑक्साइड वाढतो, म्हणजे नेमकी जी क्रिया हवी तीच मंदावते. त्यात प्रखर दिवे, त्यांच्या उजेडात शेवाळ धरतं. लाल-हिरवे दिवे लावून दगडाचा मूळ रंगच झाकायची हौस मला अजिबात पटत नाही.

आणि "कोट्यवधी वर्षांचा स्तंभ" हेही सहसा फेकलेलं असतं, खडक तेवढा जुना असेल, स्तंभ बहुतेक हजारो ते लाखो वर्षांचे. वय काढता येतं. युरेनियम पाण्याबरोबर येऊन थरात अडकतं, थोरियम पाण्यात जवळपास विरघळत नाही म्हणून ताज्या थरात ते नसल्यातच जमा. पुढे युरेनियमच्या किरणोत्सारी क्षयातून, म्हणजे त्याचे अणू ठरावीक वेगाने फुटत जाऊन, जेवढं थोरियम-२३० साठतं त्यावरून सुमारे पाच लाख वर्षांपर्यंत मागे जाता येतं. मेघालयात सोहरा म्हणजे चेरापुंजीजवळच्या मावम्लूह गुहेतल्या अशाच एका स्तंभाचे थर वाचून ४२०० वर्षांपूर्वी मॉन्सून कमजोर पडल्याचं ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून, दिसलं, आणि २०१८ मध्ये तिथून पुढच्या, म्हणजे आपल्या आत्ताच्याही भूशास्त्रीय कालखंडाला जगभरासाठी 'मेघालयन' हे नाव मिळालं.