दीर्घ श्वास आणि ऑक्सिजनची गफलत

परभणी काय, लातूर काय, सकाळच्या योग शिबिरात एक वाक्य हमखास कानावर पडतं, "खोल श्वास घ्या, रक्तात ऑक्सिजन भरा." कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात पडून असेल तर बोटाला लावून बघा. धडधाकट माणसाचा आकडा मुळातच 96 ते 98 टक्क्यांच्या घरात असतो. म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन जवळपास भरलेलंच, मग आणखी ऑक्सिजन बसणार कुठे? उलट भराभर खोल श्वास ओढले की कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षा जास्त बाहेर पडतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरगरतं. यालाच काही गुरुजी 'ऊर्जा चढली' म्हणतात!

संथ श्वासाचा फायदा मात्र खरा आहे. मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी धरा. श्वास घेताना ठोके जवळजवळ पडतात, सोडताना लांबतात. तरुण माणसात हे चांगलं जाणवतं. कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञानं 1847 मध्येच हे नोंदवलं होतं. हृदय मोकळं सोडलं तर मिनिटाला साधारण 100 ठोके देईल. मेंदूच्या बुडातून निघणारी व्हेगस नस त्याचा कासरा ओढून धरते, म्हणून ते सत्तरवर चालतं. ही नस हृदयाच्या ठोका सुरू करणाऱ्या पेशींवर ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सोडते, त्यानं पोटॅशियमचे मार्ग उघडतात आणि पुढचा ठोका उशिरा पडतो. श्वास आत जाताना हा कासरा सैल होतो, बाहेर येताना ताणला जातो.

खरी गंमत पुढे आहे. मानेतल्या धमन्यांमधले दाबग्राहक रक्तदाब वाढला की हृदयाला मंदावतात, घटला की पळवतात. पण या दुरुस्तीला काही सेकंद लागतात, त्यामुळे दाब सुमारे 10 सेकंदांच्या लयीत हेलकावतो. श्वास मिनिटाला सहावर आणला की एक श्वासही 10 सेकंदांचा होतो, श्वासाची आणि दाबाची अशा दोन्ही लयी जुळतात आणि नाडीचे चढउतार सर्वांत मोठे होतात. 2001 मध्ये इटलीतल्या संशोधकांना जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हुं' म्हणताना श्वास नेमका सहाच्या आसपास येताना दिसला. आपल्या हरिपाठाच्या संथ चालीवरही कुणीतरी हे मोजायलाच हवं.

नियमित सरावानं रक्तदाब थोडा उतरतो, धास्ती कमी होते. थोडाच उतरतो, तेव्हा बीपीची गोळी आपल्या मनानं बंद करू नका. आणि दमा असेल नि सोयाबीनच्या मळणीत धुरळ्यानं दम लागला तर प्राणायामाला बसू नका, आधी इन्हेलर ओढा.