नादारी-दिवाळखोरीची वकिली (सोलापूर)

देणी फेडता न येणाऱ्या कंपन्या, भागीदारी पेढ्या आणि व्यक्ती यांच्या देण्याघेण्याचा कायदेशीर निकाल लावण्याचे विशेष काम करणाऱ्या वकिलांचा व्यवसाय. बोलण्यात 'हात वर केले' किंवा 'दिवाळं वाजलं' एवढ्यावर विषय संपतो. कायद्याच्या मराठीत मात्र नादारी म्हणजे देणे फेडण्याची असमर्थता, आणि दिवाळखोरी म्हणजे त्या असमर्थतेवर न्यायालयाचा शिक्का.

या विषयात सोलापूरचे नाव जुने आहे. १८७७ साली मोरारजी गोकुळदास यांनी सुरू केलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे 'जुनी मिल', ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने अध्यादेश काढून तिचा कारभार स्वतः नेमलेल्या संचालकांकडे दिला. या संचालकांनी भागधारकांकडे शेअरची उरलेली रक्कम मागितली, तेव्हा द्वारकादास श्रीनिवास हे भागधारक न्यायालयात गेले. डिसेंबर १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अध्यादेश घटनाबाह्य ठरवला. कायद्याचे विद्यार्थी हा निकाल मालमत्तेच्या हक्कासाठी पाठ करतात. मुळात तो एका बुडत्या गिरणीचा खटला होता, हे सहसा कुणी सांगत नाही.

आजचा वकील दोन कायद्यांत काम करतो आणि त्यांच्यात जवळजवळ शंभर वर्षांचे अंतर आहे. कंपन्या आणि एलएलपी (मर्यादित जबाबदारीच्या भागीदाऱ्या) यांना नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ लागू होते. व्यक्ती आणि भागीदारी पेढ्यांसाठीचा संहितेचा भाग कंपनीच्या जामीनदारांपुरताच अमलात आला (१ डिसेंबर २०१९ पासून). बाकीच्यांसाठी प्रांतिक नादारी अधिनियम, १९२० अजून जिवंत आहे आणि त्याचा अर्ज जिल्हा पातळीवरच्या न्यायालयात चालतो. मूळ १९२० च्या कायद्यात अर्जासाठी देण्याची किमान रक्कम ५०० रुपये आहे. संहितेत ती १ लाख होती, २४ मार्च २०२० रोजी १ कोटी झाली. चादर आणि टॉवेलच्या धंद्यात मालकी किंवा भागीदारीची पेढीच नेहमीची. तिच्याकडे सूतवाल्याचे ४० लाख अडकले, तर तो संहितेच्या दारातही उभा राहू शकत नाही. मग उरतो १९२० च्या कायद्याखालचा अर्ज, दिवाणी दावा किंवा चेक न वटल्याची फिर्याद. लघुउद्योगांसाठी एप्रिल २०२१ मध्ये आलेल्या प्री-पॅक (धनकोंशी आधी बोलणी करून मग अर्ज करायच्या) योजनेची मर्यादा १० लाख असली, तरी तीही कंपनी किंवा एलएलपी असलेल्या ऋणकोसाठीच (ज्याच्यावर देणे आहे तो), आणि अर्ज त्यानेच करायचा.

रक्कम बसली तरी खरी लढाई नोटिशीपाशी होते. माल पुरवणाऱ्या धनकोने आधी मागणीची नोटीस द्यायची आणि १० दिवस थांबायचे. नोटीस मिळण्यापूर्वीच 'सुताचा काउंट (धाग्याच्या बारीकपणाचा आकडा) कमी निघाला, गाठी परत न्या' अशी तक्रार झालेली असेल, तर तो आधीपासूनचा वाद ठरतो आणि अर्ज फेटाळला जाऊ शकतो. तो वाद दिखाऊ नसावा, एवढेच कंपनी न्यायाधिकरण (कंपन्यांच्या दिवाळखोरीचे अर्ज जिथे चालतात ते) पाहते. खरा कोण याचा निवाडा करत बसत नाही (सर्वोच्च न्यायालय, मोबिलॉक्स प्रकरण, २०१७). म्हणून या कामात मुरलेला वकील पक्षकाराची कैफियत ऐकण्याआधी त्याचे लेजर, चलने आणि फोनमधले मेसेज मागतो. अर्ज करण्याची तीन वर्षांची मुदत कुठल्या नोंदीपासून मोजायची, तेही खातेवहीच सांगते.

न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला की संचालकांचे अधिकार रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे (प्रक्रिया चालू असताना कंपनीचा कारभार पाहणारा तज्ज्ञ) जातात, वसुलीच्या कारवाया थांबतात आणि धनकोंची समिती ६६ टक्के मतांनी कंपनी सावरण्याची योजना मंजूर करते. मुदत १८० दिवसांची, ताणून ३३०. दावे मागवणारी जाहिरात स्थानिक भाषेतल्या वृत्तपत्रातही द्यावी लागते. कामगारांचे दावे नमुना 'डी'मध्ये भरायचे असतात, आणि सोलापुरातल्या मागवाल्यांत (माग चालवणाऱ्या कामगारांत) तेलुगू बोलणारे पुष्कळ असल्याने ती भाषा येणारा ज्युनिअर इथे फार उपयोगी. कंपनी अवसायनात गेलीच (म्हणजे मालमत्ता विकून गुंडाळायची ठरली), तर कामगारांची २४ महिन्यांची देणी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने येतात. भविष्यनिर्वाह निधी तर वाटपाच्या रकमेत धरायचाच नाही.

सुरुवात इतर वकिलांसारखीच: सीईटी, तीन किंवा पाच वर्षांची पदवी (शहरात दयानंद विधी महाविद्यालय आहे), महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद, मग अखिल भारतीय बार परीक्षा. पुढची वाट मात्र वेगळी. मुंबईत केवळ दिवाळखोरीचे काम करणाऱ्या फर्म आहेत, तिथे ज्युनिअरचा दिवस कागद लावण्यात आणि मसुदे करण्यात जातो. सोलापुरात 'फर्म' हा शब्द जरा मोठाच. एक सिनिअर, दोन ज्युनिअर, आणि बँकेच्या जप्तीचे काम जोडीला. स्पर्धाही फक्त वकिलांशी नाही. कंपनी न्यायाधिकरणात सीए, कंपनी सेक्रेटरी आणि कॉस्ट अकाउंटंट यांनाही बाजू मांडता येते, आणि ताळेबंद वाचण्यात ते पुढेच असतात. दहा वर्षे वकिली झालेल्याला या क्षेत्राचे नियमन करणाऱ्या नादारी मंडळाची परीक्षा देऊन स्वतः इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनल होता येते (रिझोल्यूशन प्रोफेशनल यांच्यातूनच नेमतात). मात्र त्यानंतर त्याच कंपनीची वकिली आणि कारभार दोन्ही हाती ठेवता येत नाहीत.

सहकारी संस्थांचे काम या चौकटीबाहेरचे. पतसंस्था बुडाली, तर १९६० च्या सहकार कायद्याच्या कलम १०२ खाली अवसायनाचा आदेश होतो आणि अवसायक नेमला जातो. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने सोलापूरच्या लक्ष्मी सहकारी बँकेचा परवाना रद्द केला, तेव्हा ठेवीदारांच्या प्रश्नांची उत्तरे संहितेत नव्हती. ती ५ लाखांपर्यंतच्या ठेव विम्यात होती.

ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले आणि सोलापूरच्या रिट याचिका तिकडे वळल्या. कंपन्यांची दिवाळखोरी मात्र मुंबईच्या न्यायाधिकरणातच चालते, अपील दिल्लीला. ऑनलाइन सुनावणीने काही फेऱ्या वाचल्या आहेत. तरी महत्त्वाच्या तारखेला समोर उभे राहायचे, तर सकाळची वंदे भारत दुपारी पोहोचते आणि तोवर बोर्ड (त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी) अर्धा संपलेला असतो. म्हणून फायलींची पिशवी उशाला घेऊन रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेसच पकडावी लागते.