३-५००झेड आणि ८८७७: व्होल्ट तेच, पथ्य वेगळं

हॅम रेडिओच्या लिनियरमध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद वाढवणाऱ्या अॅम्प्लिफायरमध्ये, हमखास भेटणाऱ्या या दोन व्हॅक्यूम ट्यूब. माहितीपत्रकात दोघींच्या फिलामेंटपुढे (आतल्या तापणाऱ्या तारेपुढे) एकच आकडा: ५ व्होल्ट. म्हणूनच एकीचा सल्ला दुसरीला सर्रास दिला जातो आणि महागडी ट्यूब हकनाक जाते. याचं मला खरंच वाईट वाटतं.

सल्ला असा: व्होल्टेज जरा उतरवा, ट्यूब जास्त टिकेल. तो रात्रंदिवस चालणाऱ्या प्रसारण ट्रान्समीटरच्या अनुभवातून आलाय आणि ३-५००झेडच्या जातीला लागू पडतो. तिच्यात थोरियम मिसळलेल्या टंगस्टनची तार स्वतःच तापते आणि स्वतःच इलेक्ट्रॉन सोडते. काचेतून तिचा लख्ख उजेड दिसतो. तारेवर कार्बाइडचा थर असतो. उष्णता वाढली की तो भराभर झिजतो, आणि तो संपला की ट्यूब संपली. म्हणून ५.२५च्या वर कधीच जाऊ नये. ४.९ दिसले तर बिनघोर राहा. आउटपुट पडू लागलं तर मात्र थोडं चढवा.

८८७७मध्ये ५ व्होल्टवर तापतो तो नुसता हीटर. इलेक्ट्रॉन सोडतो तो त्याच्यालगतचा कॅथोड, बेरियम-स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा लेप दिलेला. व्होल्टेज उतरवलंत तर हा लेप पुरेसा तापत नाही, आणि त्यातच पूर्ण ड्राइव्ह (ट्यूबला पुरवायचा इनपुट सिग्नल) दिलात तर त्याची नासाडी होते. चढवलंत तर बेरियम उडून ग्रिडवर (इलेक्ट्रॉनच्या वाटेवरच्या नियंत्रक जाळीवर) बसतं आणि ग्रिडच इलेक्ट्रॉन सोडू लागते. म्हणून ८८७७ला ५.० वरच ठेवा. सिरॅमिकआड काही दिसत नाही, तेव्हा नजरेचा अंदाज इथे चालत नाही. ३-५००झेड क्षणात तयार होते. ८८७७ला किमान ३ मिनिटं द्यावीच लागतात.

मोजायचं कुठे? ट्रान्सफॉर्मरवर नाही, सॉकेटच्या पिनांवर. ३-५००झेड साधारण १४.५ अँपिअर ओढते. वाटेतल्या चोकचा (तारेच्या वेटोळ्याचा) आणि सांध्यांचा मिळून ०.०२ ओहम रोध असला तरी ०.२९ व्होल्ट तिथेच जातात! सांधा हिरवट पडला असेल तर आधी तो घासा.

आणि शेजारीच ३,००० व्होल्ट असतात. आधी प्लग काढा, थांबा, कपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री करा, अर्थ-काठी (अर्थिंगला जोडलेली, इन्सुलेटेड मुठीची काठी) लावा. मग मीटरच्या वायरी पिनांना क्लिपने जोडून बाहेर काढा, काठी काढून झाकण बंद करा आणि मगच प्लग लावा. इंटरलॉक (झाकण उघडताच वीज तोडणारा स्विच) कुणीही दाबून ठेवू नये. मीटर ट्रू-आरएमएस (एसीचं खरं प्रभावी व्होल्टेज दाखवणारा) हवा, आणि वाचन घेताना ट्रान्समिट नको.

दोन ३-५००झेड, स्वतंत्र फिलामेंट ट्रान्सफॉर्मर आणि पिनांवर ५.२५ असेल, तर २३० व्होल्टच्या प्रायमरीत (ट्रान्सफॉर्मरच्या लाइनकडच्या बाजूत) १५ ते १८ ओहमचा, २५ वॉटचा रेझिस्टर बसवला की ५.० येतात. फक्त हे वाचन रात्री अकराला पुन्हा घ्या. आमच्या गल्लीत तेव्हा लाइन २४८वर असते, आणि दुपारी नीट लावलेले ५.० तोवर ५.३च्याही पुढे गेलेले असतात.